चहाडखोर पट्टा

त्या वर्षी पाऊस अर्ध्या वाटेवरून माघारी फिरला आणि जमीन अशी आवळली, की आज पाजवून नेलेला नांगराचा फाळ उद्या दुपारी बोथट होऊन पुन्हा लोहाराच्या दारात यायचा. फाळ यायचे, ट्रॅक्टरचे दाते यायचे, कुदळी आणि पहारी यायच्या. दाराबाहेर लोखंडाचा ढीग लागला. दुसऱ्यांच्या अडचणीवर आपली भट्टी धगधगते याची लोहाराला मनातून लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून ढीग काही कमी होत नाही.

भट्टी म्हणजे घराच्या कडेला पत्रा उतरवून केलेली जागा. तीन भिंती, चौथी बाजू रस्त्याला उघडी. मधोमध लाकडाच्या बुंध्यात रोवलेली ऐरण. तिच्या अलीकडं लोहार बसायचा, डाव्या हातात सांडस, उजव्या हातात हातोडी. पलीकडं लोहारीण उभी राहायची, दोन्ही हातांत घण. तेहतीस वर्षं ती तिथं उभी होती. तिच्या पायांखालची जमीन दोन पावलांच्या आकारात खोलगट झाली होती आणि पावसाळ्यात त्या दोन खड्ड्यांत पाणी साचायचं.

कामाची रीत साधी होती. लोहार तापल्या लोखंडावर हातोडीनं जिथं टिचकी मारेल तिथं घण पडायचा. हलकी टिचकी, हलका घण. ठसक्यात मारली तर ठसक्यात. हातोडी ऐरणीच्या कडेवर आडवी वाजली, की थांबायचं. एवढ्या सगळ्यात एक शब्द लागायचा नाही. बोलायला दोघांना उरलेला दिवस होता, आणि त्यात ती दोघं कसर ठेवत नसत.

गावात लोक म्हणायचे, लोहाराच्या हातात जादू आहे. घणाबद्दल कुणी काही म्हणायचं नाही. सांडस धरतो तो लोहार, घण मारतो तो हाताखालचा. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून ते कुणाला खोडताही आलं नव्हतं. लोहारीण स्वतः तसंच समजायची.

हल्ली दोघांच्या भांडणाला कोळसा हा विषय पुरत होता. पूर्वी दोन तापांत, दोनदा विस्तवात घालून, होणाऱ्या फाळाला लोहार आता तीन-तीन, चार-चार ताप घ्यायचा. आठ-दहा घण पडले न पडले, की हातोडी आडवी वाजायची आणि लोखंड परत विस्तवात. ती म्हणायची, कोळसा काय झाडाला लागतो का. तो म्हणायचा, वय झालं, हात चालत नाही पूर्वीसारखा. ती म्हणायची, हात नाही चालत पण तोंड बरं चालतं. मग तो हसायचा आणि पंखा फिरवायला लागायचा. त्याचं ते हसणं तिला आणखी झोंबायचं.

आणि एके दिवशी सकाळी, ट्रॅक्टरच्या दात्यावर घण घालता घालता, घण ऐरणीच्या बाजूला मातीत पडला आणि त्याच्यामागोमाग लोहारीण. सून आतून धावत आली. पाणी मारलं, तळपाय चोळले. मिनिटभरात लोहारणीनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, की दाता गार झाला का.  लोहाराच्या हातातली सांडस तशीच होती आणि तिच्यातला दाता खरंच काळा पडला होता.

गावच्या आरोग्य केंद्रातून मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी छातीला वायरी लावून कागद काढला, कागद स्वच्छ. मग चालत्या पट्ट्यावर चालवलं. पट्टा वेग घेत गेला आणि लोहारीणही. उतरली तेव्हा तिला दम लागलेला नव्हता, पट्ट्याशेजारी उभं राहून कंटाळलेल्या पोरसवद्या डॉक्टरालाच जांभया येत होत्या. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? ती म्हणाली, "घरचंच. आणि यांना थोडी मदत." चक्कर कुठं आली? भट्टीपाशी. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, घरकाम, उष्णतेजवळ चक्कर. लोहार शेजारीच बसला होता. त्यालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

तरीही डॉक्टर बारकाईचे होते. त्यांनी पंधरा दिवसांसाठी छातीचा पट्टा लिहून दिला आणि तो बांधायचं काम गावच्या सिस्टरकडं सोपवलं. सिस्टर म्हणजे आरोग्य केंद्राची नर्स, तिशीची, स्कूटरवर फिरणारी, सगळ्या गावाला काका-काकू म्हणणारी. पट्टा करंगळीएवढा रुंद, मध्ये बटणासारखी एक चपटी डबी. डबीला वायर नाही, काही नाही. सोबत एक फोन. डबी हृदयाचा ठोका न् ठोका त्या फोनला सांगणार, फोन तो केंद्राला कळवणार, आणि सिस्टर तिथं बसल्या बसल्या तिचं काळीज बघणार. फोन वीस पावलांच्या आत हवा. अंघोळीला पट्टा काढायचा, कातडी कोरडी करून परत लावायचा. गरगरलं तर डबीवर बोट दाबायचं.

"आणि काकू, रोजची कामं रोजच्यासारखी करायची," सिस्टर म्हणाली. "झोपून राहायचं नाही."

लोहारणीनं पट्टा लावून घेतला, वरून कपडे नीट केले आणि बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, की आजपासून आपल्या घरात एक चहाडखोर राहायला आलाय. तेव्हापासून त्याचं नाव तेच पडलं.

घरी आल्या आल्या लोहारानं घण उचलून सुनेच्या हातात दिला. म्हणाला, रोजची कामं म्हणजे झाडलोट, धुणंभांडी. घण काही तिचं काम नाही, ते माझं काम आहे. ती नुसती मदत करते. सूनही म्हणाली, आई, पंधरा दिवस तुम्ही बसा. मग झाडलोटही तिनंच केली आणि धुणंही. मुलगा माल वाहायच्या गाडीवर लांबच्या फेरीला गेला होता. त्यानंही फोनवरून आईला बजावलं, की काडीला हात लावायचा नाही. सिस्टर काय बोलली ते घरात सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. पण माया आंधळी असते असं म्हणतात. या घरात ती बहिरीही होती.

लोहारणीसाठी भट्टीच्या कोपऱ्यात, विस्तवापासून लांब, एक खुर्ची आली. खुर्चीत बसून तिला कळलं, की तेहतीस वर्षांत आपण ही भट्टी बसून कधी पाहिलीच नाही. सुनेचा घण पहिल्या दिवशी कडेला पडायचा. दुसऱ्या दिवशी तिच्या तळहातांना फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. लोहारीण खुर्चीतून सांगायची, खांद्यानं नको, कमरेनं उचल. उचलताना श्वास घे, सोडताना सोड. नवऱ्यालाही सांगायची, लाल आहे अजून, पिवळा होऊ द्या, आत्ता काढा. लोहार म्हणायचा, सांडस माझ्या हातात आहे. ती म्हणायची, म्हणूनच सांगते.

चहाडखोर आपलं काम चोख करत होता. तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन आला, काकू, दहा वाजता ठोके एकदम वाढले होते, काय झालं? लोहारीण म्हणाली, "गिऱ्हाईक आलं होतं." आणि ते खरंच होतं. गावात एक जण होता, त्याला सगळे आत्ताच म्हणायचे, कारण त्याला प्रत्येक गोष्ट आत्ताच हवी असायची. तो आपला फाळ घेऊन ढिगावरून उडी मारून पुढं आला आणि खुर्चीकडं बघून म्हणाला, की बायका खुर्चीत बसल्यावर फाळ कसे वेळेवर मिळणार. त्यावर लोहारणीनं त्याला जे ऐकवलं ते सिस्टरला सांगण्यासारखं नव्हतं. त्यानंतर मात्र फोन जवळ असला, की ती शिव्या गिळून टाकायची. पट्टा फक्त ठोके ऐकतो, बोलणं नाही, हे सुनेनं दोनदा समजावलं. ती म्हणाली, चहाडखोराचा काय भरवसा.

वीस पावलांचाही एक तमाशा झाला. ती परसात गेली आणि फोन फळीवर राहिला. फोन टुकटुक करायला लागल्याबरोबर लोहारानं सांडस टाकली, फोन उचलला आणि परसाकडं पळत सुटला. संडासाच्या दाराशी, पाठ करून, हात पुढं धरून तो पाच मिनिटं उभा राहिला. आतून ती म्हणाली, की तेहतीस वर्षांत इतकं मागं मागं कधी फिरला नाहीत. पलीकडच्या घरातल्या बाया हसून हसून बेजार झाल्या. लोहाराला त्याचं काही वाटलं नाही. फोनवरचा हिरवा ठिपका परत लागला तेव्हा त्याला एवढं हलकं वाटलं, की तो दारातच खाली बसला.

हसत खेळत दिवस चालले होते, पण दुपारी ढिगाकडं बघताना लोहारणीचा चेहरा उतरायचा. खुर्ची तिला टोचत होती. अंगात काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. पट्ट्याखाली घामानं पुरळ आलं होतं, तेवढंच. आपला कागद स्वच्छ निघणार आणि सोळाव्या दिवशी घण परत आपल्या हातात येणार, एवढ्या आशेवर ती दिवस मोजत होती. लोहारही मोजत होता. पण तो सोळावा दिवस येऊ नये म्हणून मोजत होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी सिस्टर स्कूटरवरून स्वतःच आली. भट्टीसमोर उतरली आणि तिथंच उभी राहिली. सून घण घालत होती, लोहार टिचक्या देत होता आणि लोहारीण खुर्चीत पाय घेऊन बसली होती.

सिस्टर म्हणाली, अकरा दिवसांचा कागद इतका साफ आला, की तिला शंका आली. डबी अंगाची हालचालही मोजते, आणि ही हालचाल तर दवाखान्यात पडून असलेल्या माणसाची. मग तिनं विचारलं, की काकू पडल्या त्या दिवशी नेमकं काय करत होत्या. लोहारणीनं सांगितलं, घण मारत होते.

"घण? कधीपासून मारता?"

"लग्न झाल्यापासून."

सिस्टर ऐरणीजवळ गेली आणि बाजूला टेकवलेला मोठा घण तिनं उचलून पाहिला. तो गुडघ्यापर्यंत आला आणि खाली गेला. तिनं हात झटकले.

"काकू, तुम्ही डॉक्टरांना घरकाम सांगितलंत."

"मग हे घरातच आहे की."

सिस्टरला हसू आलं आणि रागही आला. तिनं दोघांना समोर बसवून नीट सांगितलं. डॉक्टरांना जे बघायचं होतं ते घणाच्या वेळचं काळीज. दवाखान्यातल्या चालत्या पट्ट्यावर पाय चालले, खांदे नाहीत. "तुम्ही त्यांना आराम दिलात, तो मायेनंच दिलात. पण छातीवरच्या पट्ट्याला काय दिसलं? आराम. पट्टा खोटं बोलत नाही काका, पण त्याला जे दाखवाल तेवढंच तो सांगतो." आणखी चार दिवसांनी पट्टा दुसऱ्या पेशंटकडं जायचा होता, यादी लांब होती. कागद साफ गेला, की काकू ठणठणीत म्हणून फाईल बंद. काकू घणाकडं परत. पुढच्या वेळी त्या कुठल्या बाजूला पडतील, ते कुणी सांगावं. असं म्हणून तिनं विस्तवाकडं पाहिलं, आणि सगळ्यांनी पाहिलं.

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, उद्या सकाळी, केंद्राची गाडी दाराशी उभी ठेवून, सिस्टर शेजारी असताना, रोजच्यासारखं काम करू द्या. मी इकडून बघतो. काही दिसलं की तिथंच थांबायचं.

लोहार उठून उभा राहिला. "घण माझ्या हातानं तिच्या हातात द्यायचा आणि ती पडायची वाट बघत समोर बसायचं. हे मला जमणार नाही."

"एकदाच पडले की मी," लोहारीण म्हणाली. "परत पडेन कशावरून?"

लोहार खाली बघत होता. हातोडीचा दांडा अंगठ्यानं चोळत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "गेल्या थंडीपासून आहे ते."

कुणाला कळेना. तो म्हणाला, "घण उशिरा येतो. थोडासाच. डोळा मिटून उघडावा एवढा. आठ-दहा घण झाले, की एखादा उशिरा येतो. मग मी हातोडी आडवी वाजवायचो आणि लोखंड परत विस्तवात घालायचो. तेवढाच तिला दम."

 सून एकदम सासूकडं बघायला लागली. लोहारणीच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट उमटत गेली: तीन ताप, चार ताप, कोळसा, भांडणं, त्याचं ते हसणं.

"म्हणजे हात तुमचा थकला नव्हता."

"नाही."

"आणि मी रोज मनात म्हणायचे, म्हातारा संपला, आता याला सांभाळून घ्यायचं. दुखणं माझं आणि बोलणी तुम्ही खाल्लीत?"

"तुझी बोलणी खायची सवय आहे."

"सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर घण सोडला असतास?"

ती विचार न करता म्हणाली, "नाही."

"मग?" लोहार म्हणाला. थोडं थांबून त्यानं मनातलं पुढचंही बोलून टाकलं. "आणि सोडला असतास, तर समोर कुणाला बघत बसलो असतो मी? भीती वाटायची. म्हणून तेही नाही बोललो."

लोहारणीला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. फोन फळीवर हिरवा लुकलुकत होता. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, की आता सिस्टरच्या कागदात हेही गेलं असणार. मग नवऱ्याला म्हणाली, उद्या बसायचं. तुम्हाला माझा घण ऐकू येतो, मला येत नाही. मग तुम्ही नाही बसणार तर कोण बसणार.

दुसऱ्या दिवशी केंद्राची पांढरी गाडी दाराशी लागली आणि अर्धं गाव रस्त्याच्या पलीकडं जमलं. सुनेनं घरातली सगळ्यात जाड गादी आणून सासूच्या मागं अंथरली आणि तिच्यामागं स्वतः हात पसरून उभी राहिली. विस्तवाच्या तिच्याकडच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावला. सिस्टर बाजूला, हातात दोन फोन. एकावर रेघ, दुसऱ्यावर डॉक्टर. लोखंडही निवडून घेतलं: आत्ताचचा फाळ, कारण तोच सगळ्यात जाड होता. आत्ताच पुढं उभा होता. लोहारणीला बघून तो म्हणाला, सावकाश होऊ द्या, मला काही घाई नाही. गावानं हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

लोहारीण आपल्या दोन खड्ड्यांत पाय ठेवून उभी राहिली. ठिणग्या अडवणारी कातडी झूल गळ्यात घातली, तिच्याखाली पट्टा. लोहारानं घण उचलला. क्षणभर तो त्याच्याकडंच राहिला. मग त्यानं तो तिच्याकडं दिला आणि आपल्या जागेवर बसला.

फाळ पिवळा होऊन बाहेर आला. टिचकी. घण. टिचकी. घण. बारा दिवसांनी ती त्या आवाजात परत आली आणि तिचा चेहरा उजळला. सुनेनं इतके दिवस जे कष्टानं केलं ते तिच्या हातून सहज होत होतं. घण वर जायचा तो जणू स्वतःहून, आणि पडायचा तो टिचकीच्या खुणेवर. लोहार फाळाकडं बघत होता पण लक्ष सगळं कानांत होतं. पहिला ताप झाला. सिस्टरनं मान हलवली, काही नाही. दुसऱ्या तापाला लोहारानं फाळ ऐरणीवर घेतला आणि मुद्दाम हातोडी आडवी वाजवली नाही. आठ झाले. दहा झाले. त्याच्या कपाळावरून घाम वाहून सांडशीवर पडत होता. बारा. तेरा.

चौदाव्याला टिचकी वाजली आणि घण आला नाही. आला, पण उशिरा, आणि खुणेच्या बोटभर पलीकडं.

लोहाराची हातोडी ऐरणीच्या कडेवर आडवी वाजली. त्याच क्षणी त्यानं सांडस सोडली आणि ऐरणीला वळसा घालून तिला धरलं. घण तिच्या हातातून त्याच्या पायाशी पडला. ती त्याच्या अंगावर रेलली, डोळे अर्धे उघडे. सून मागून धरून होती. आणि मग, एवढं सगळं झाल्यावर, फळीवरचा फोन किंचाळायला लागला. सिस्टरच्या हातातल्या रेघेवर डोंगर चढत-उतरत आले होते आणि मध्येच सपाट माळ लागला होता. माळ संपून पुन्हा डोंगर सुरू झाला. सिस्टर ओरडलीच, "दिसलं, डॉक्टर, पाच सेकंद." पलीकडून डॉक्टर म्हणाले, मलाही दिसलं, गाडीत घाला आणि घेऊन या.

लोहारणीला सावध व्हायला मोठा श्वास घेण्याएवढाच वेळ लागला. तिनं वर बघितलं तर नवऱ्याचा चेहरा अगदी जवळ होता आणि ओला होता. गाडीत बसताना सिस्टरनं त्याला विचारलं, फोन वाजायच्या आधी कसं कळलं? लोहार म्हणाला, "घण उशिरा आला." त्याला त्यात सांगण्यासारखं जास्त काही वाटलं नाही.

डॉक्टरांनी समजावलं, की काळीज दणकट आहे, पण त्याला ठोका द्यायची जी आतली खूण असते ती जोराच्या कामात कधी कधी पोचत नाही. मग काळीज वाट बघत उभं राहतं. काडेपेटीहून लहान एक यंत्र खांद्याखाली, कातडीच्या आत बसवायचं. खूण आली नाही, की ते स्वतः खूण देणार. लोहारणीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे टिचकी मारायला आत एक लोहार बसवणार. जरा कमी बोलणारा बघा." डॉक्टर हसले आणि मग त्यांनी वाईट बातमी दिली. मोठा घण आता कधीच नाही. तीन महिन्यांनी हलकं काम, हातोडी वगैरे, चालेल. ती घणाचं ऐकून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. लोहार तिच्याजवळ बसून राहिला. 

यंत्र बसलं आणि पुढचे तीन महिने खुर्चीत गेले. सुनेचे तळहात दगडासारखे झाले आणि तिचा घण खुणेवर पडायला लागला. ढीग कमी झाला. मग सुनेला दिवस गेले, आणि एका सकाळी लोहारानं खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली. आपलं बसायचं लाकूड झटकलं. सांडस आणि हातोडी त्याच्यावर ठेवली. मग ऐरणीच्या पलीकडं जाऊन त्या दोन खड्ड्यांत उभा राहिला आणि घण उचलला. खड्डे त्याच्या पायांना लहान होते.

लोहारीण दारात उभी होती. "हे काय?"

"रंग तुला कळतो. कुठं मारायचं तेही कळतं. तेहतीस वर्षं बसून मी केलं, ते तू उभ्यानं बघत होतीस. बस."

"लोक काय म्हणतील?"

"फाळ पाजवला का विचारतील."

ती बसली. सांडस हातात तोलून पाहिली. पंखा फिरवला, रंग पाहिला, वेळेवर काढला आणि टिचकी मारली. लोहाराचा घण पडला तो टिचकीपासून चार बोटं लांब. आयुष्यभर त्यानं खुणा दिल्या होत्या, ऐकल्या कधी नव्हत्या. तिनं हातोडी ऐरणीच्या कडेवर आडवी वाजवली. म्हणाली, खांद्यानं नको, कमरेनं उचला. घाईवाला आत्ताच आपली कुदळ घेऊन आला होता, तो बघतच राहिला आणि म्हणाला, हे उलटं कसं काय. लोहारणीनं त्याला विचारलं, कुदळ सरळ हवी आहे ना? मग गप उभं राहायचं.

वर्ष भरत आलं तेव्हा तपासणीला केंद्रात गेले. आतलं यंत्र आता उशाशी ठेवलेल्या पेटीला सगळं सांगायचं आणि पेटी सिस्टरला. लोहारणीच्या हिशेबी चहाडखोराचं कुटुंब वाढलं होतं. सिस्टर म्हणाली, सगळं छान आहे, नवीन फाईल करू. तिनं कोरा कागद काढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढच्या रकान्याशी तिचं पेन थांबलं.

"काम?"

लोहारीण सवयीनं म्हणायला लागली, "घरचंच. आणि यांना थोडी..."

"लोहार," नवरा म्हणाला. "लोहार लिहा."

सिस्टरनं लिहिलं. लोहारीण कागदावरच्या त्या अक्षरांकडं बघत होती. खाली सोबत आलेल्या माणसाचा रकाना होता. सिस्टरनं मान वर न करता विचारलं, "आणि तुमचं, काका?"

लोहारानं थोडा विचार केला. "मी हिच्या हाताखाली असतो," तो म्हणाला.

सिस्टरनं तेही लिहून घेतलं. बाहेर पडताना लोहारीण म्हणाली, की हाताखालच्या माणसानं इतकं बोलायचं नसतं. पण पायऱ्या उतरताना तिनं त्याचा हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.